मुक्काम बिडदी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बेळ्ळंदूर येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलावयास उभे राहिलेल्या माणसाने मंडळाचा इतिहास सांगावा, संस्थापकांचे स्मरण करावे आणि भावी पिढीला उपदेश करून खाली बसावे, असा प्रघात आहे. इतिहास सांगण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी येथे बसली आहेत. आणि उपदेशाचे म्हणाल, तर ज्या पिढीला तो करावयाचा, ती या घटकेस खाली जेवणाच्या रांगेत उभी आहे. म्हणून आम्ही प्रवासवर्णन सांगावयाचे ठरविले आहे. प्रवास फार लांबचा नाही. बेळ्ळंदूरपासून बिडदीपर्यंतचा, म्हणजे पन्नासएक किलोमीटरांचा. ‘आम्ही’ असे म्हणतो, ते संपादकी थाटाने नव्हे. आम्ही सात जण होतो. बोलावयास एक उभा असला, तरी बोलणे सातांचे आहे, आणि ते तसे न वाटल्यास समोर बसलेले सोबती मधूनच दुरुस्ती सुचवतील, या अटीवरच आम्हांस वर पाठविण्यात आले आहे.

आमची चार कुटुंबे १९७८ ते १९८५ या काळात या शहरी आली. एक जण विमानांच्या कारखान्यात, एक टेलिफोनच्या, एक बँकेत, आणि आमचे नाना एच. एम. टी.च्या घड्याळ-कारखान्यात. त्या काळी एकमेकांकडे जाण्यास निमित्त लागत नसे. रविवारी सकाळी स्कूटरवर मागे बायको बसवून, पुढे मूल उभे करून निघावे. ज्याचे दार उघडे दिसेल तेथे शिरावे. जेवावे, मेंढीकोट खेळावे, चहा घ्यावा. आणि पुष्कळदा पाऊस आला म्हणून तेथेच पथारी पसरून सोमवारी सकाळी परस्पर कारखान्याच्या बसमध्ये चढावे, असा क्रम होता. पुढे मुले शिकली, संगणकाच्या कचेऱ्यांत लागली, आणि त्या कचेऱ्या आउटर रिंग रोडला लागून असल्यामुळे चारी घरे एकामागोमाग बेळ्ळंदूरला आली. आज आमच्या इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण हाक मारावयाची कोठून? चौदाव्या मजल्यावरून? फाटकावरचा रखवालदार आमचे नाव यंत्रात टिपून घेतो, वर विचारणा करतो, वरून मंजुरी येते, आणि मग पाऊण तासाची भेट घेऊन, नातवंडाच्या शिकवणीची वेळ झाली म्हणून आम्ही उठतो. चाळीस वर्षांच्या स्नेहात भेटी उरल्या, मुक्काम गेला.

हे गाऱ्हाणे बेळ्ळंदूरविषयीचे नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. हे गाव फार सोसणारे आहे. बंगळुरातील सर्वांत मोठे तळे याच्या पदरी. त्याला २०१५ साली फेस आला आणि तो फेस पेटलाही. २०१८ च्या जानेवारीत तळ्याकाठचे गवत पेटले तेव्हा विझवावयास लष्कराचे जवान आले. २०२२ च्या सप्टेंबरात पूर आला, तेव्हा लठ्ठ पगाराचे अभियंते ट्रॅक्टरवर उभे राहून कचेरीला जाताना साऱ्या देशाने पाहिले. जेथे पाणी पेटते आणि रस्ता वाहतो, तेथे राहणाऱ्याला चाकांवरच्या घराची कल्पना सुचावी, यात नवल ते काय?

ती सुचली त्याच वर्षीच्या कोजागरीला, गच्चीवर दूध आटत असता. आमचे टेलिफोनवाले स्नेही निवृत्तीनंतर काही वर्षे लेकीकडे फ्लोरिडात राहून आले आहेत. मंडळात त्यांना अमेरिकाकर म्हणतात. त्यांनी तिकडची एक गंमत सांगितली. तिकडच्या थंडीचे माहात्म्य आपल्यास येथे कळणार नाही. आपल्याकडे डिसेंबरात पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की आपण कानटोप्या काढतो. तिकडे उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून हजारो निवृत्त जोडपी बर्फ पडण्यापूर्वी दक्षिणेचा रस्ता धरतात. त्यांना हिमपक्षी अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. पुष्कळांचे घर मोटारीतच असते : निजावयाची फळी, शेगडी, न्हाणी, सारे आत. ऑर्लँडोजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी डिस्ने वर्ल्ड उघडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी अशा गाड्यांसाठी फोर्ट विल्डरनेस नावाचा तळ उघडला. पाइनच्या झाडीत आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला विजेचा खुंट, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे तोंड. दिवसा मुलांना घेऊन नावेने नंदनवनात जावे, रात्री शेजारच्या गाडीपुढे खुर्ची टाकून बसावे. अमेरिकाकर लेक-जावई आणि त्यांच्या मित्रांसह तेथे पाच दिवस राहिले होते. पाळण्यांची आठवण त्यांना फारशी नव्हती. मिशिगनच्या एका निवृत्त बसचालकाने रोज रात्री येऊन गप्पा मारल्या, हे मात्र ते तीनदा सांगून राहिले.

हे ऐकून नानांच्या घरच्या वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, म्हणजे ही आमची पालची जत्राच की!”

वहिनींचे माहेर कराड तालुक्यातले. तारळी नदीच्या काठी पाल म्हणून गाव आहे. तेथे पौषात खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते आणि लक्षावधी माणूस भंडाऱ्याने पिवळे होऊन जाते. एस. टी. घरोघर पोचण्यापूर्वी तेथे बैलगाडीने जात. वहिनी सांगू लागल्या की ऐकत राहावे. आदल्या दिवशी गाडीच्या साट्यात कडबा पसरायचा, वर वाकळा. दशम्या, तिळाची चटणी, सुके खोबरे आणि बैलांची वैरण. नदीकाठी पोचले की वडिलांचे पहिले काम जागा धरण्याचे. गाडी सोडायची, बैल चाकाला बांधायचे, चाकाच्या आडोशाला तीन दगड मांडले की चूल झाली. बायकापोरांनी साट्यात निजायचे, पुरुषांनी गाडीखाली. दिवसभर जत्रा : लाकडी आकाशपाळणा, त्याचे दांडे माणसे चढून पायांनी ओढीत, मौत का कुँआ, तंबूतला सिनेमा, तमाशाचा फड, ज्याच्या कनातीकडे मुलींनी पाहावयाचेही नाही, रेवड्या आणि भेंडबत्तासे. आकाशपाळणा माथ्यावर आला की वहिनी दोन्ही हात सोडून देत, आणि खाली आल्यावर आईची एक चापट ठरलेली असे.

आणि एक त्यांनी सांगितले. शेजारची गाडी दर वर्षी पाटण भागातल्या एकाच घरची असे. त्या घरात वहिनींच्याच वयाची मुलगी होती. वर्षातून चार-पाच दिवसांची मैत्री. ना पत्र, ना निरोप. पण ती अकरा वर्षे टिकली. “आम्ही कधी एकमेकींना भेटलो नाही,” वहिनी म्हणाल्या, “आम्ही एकमेकींशेजारी राहिलो.”

त्या रात्री आम्ही आठ जणांनी ठरविले की एका हिवाळ्यात चाकांवरचे घर भाड्याने घ्यावयाचे आणि वंडरलाजवळ मुक्काम टाकावयाचा. पुढच्या वर्षी एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणून बेत पुढे गेला. वहिनींनी तेवढ्यात एका वहीत सामानाची यादी करून ठेवली. २०२४ च्या श्रावणात वहिनी गेल्या. आठ दिवसांचा ताप, एवढेच निमित्त झाले.

नाना बोलेनासे झाले. विचारले तर उत्तर देत, पण आपण होऊन शब्द काढीत नसत. भेटीला गेलो की चहा येई, पाऊण तास जाई, आणि आम्ही लिफ्टपाशी येऊन एकमेकांकडे पाहत असू. डिसेंबरातला बेत मोडावा असेच आम्हां सर्वांच्या मनात होते, पण सांगावयास गेलो तेव्हा नानाच म्हणाले, “यादीतले निम्मे सामान माझ्या घरात आहे. तुम्ही जा. ते सामान मी बिडदीला पोचवून देतो.” म्हणून आम्ही गेलो. दत्तजयंतीला जोडून चार दिवस. गुरुवार, १२ डिसेंबरला निघावयाचे.

गाड्या दोन घेतल्या होत्या, चालकांसह. आत चार निजावयाच्या फळ्या, शेगडी, लहानसे शीतकपाट, न्हाणी आणि शौचालय. हे सारे एवढ्या जागेत की एकाने उभे राहावयाचे तर दुसऱ्याने बसलेच पाहिजे. खरी अडचण गाडी मिळण्याची नसते, ती उभी कोठे करावी याची असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात गाड्यांइतकाच त्यांच्या तळांचाही विचार आहे, तो यासाठीच. अमेरिकेतल्यासारखे आखीव तळ आपल्याकडे विरळा. आम्ही बिडदीच्या बाहेर एका शेतकऱ्याच्या आंबराईत, त्याच्या परवानगीने आणि त्याच्या विहिरीच्या भरवशावर उतरलो. ज्यांनी आम्हांस गाड्या दिल्या, त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या खऱ्या निघाल्या. पंपाच्या जोडणीवरून वीज घेतली, तर किटली आणि गिझर एकदम लावताच फ्यूज गेला. शौचालयाची टाकी चार दिवस पुरेल म्हणून सांगितले होते; ती दुसऱ्या रात्री भरली. त्या प्रसंगाचे वर्णन जेवणाआधी करू नये, अशी सूचना समोरून आली आहे.

पहिल्या संध्याकाळची अडचण मात्र निराळी होती. जमीन उताराची. फळीवर आडवे झालो की डोके खाली आणि पाय वर. आम्ही तिघे निवृत्त अभियंते आणि अधिकारी, गाडी पुढे घे, मागे घे, असे चालकाला सांगत अर्धा तास घोळ घालीत होतो. तेवढ्यात नाना टॅक्सीतून यादीचे सामान घेऊन उतरले : खलबत्ता, तवा, चटया, कंदील, चुलीसाठी चार विटा. सामान ठेवून, हात झटकून ते लगेच परतणार होते. पण ज्या माणसाने पस्तीस वर्षे मिलिमीटरचे शंभर भाग मोजले, त्याच्याने तिरकी गाडी पाहवेना. काही न बोलता त्यांनी ताटलीत पाणी घेतले, ती गाडीच्या जमिनीवर ठेवली, पाणी कोणत्या काठाला जाते ते पाहिले, आणि चालकाला खूण करून चुलीच्या विटा एकेक करून चाकाखाली घातल्या. काढल्या, पुन्हा घातल्या. ताटलीतले पाणी सगळीकडे सारखे होईपर्यंत काळोख पडला होता आणि टॅक्सी निघून गेली होती. आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले, “भावजी, भाकरी टाकली आहे.”

आमचा चालक मंड्याकडचा, तिशीचा तरुण. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तो हसून म्हणाला, “सर, मी महिन्याचे वीस दिवस गाडीतच झोपतो. मला कोणी त्याचे भाडे देत नाही, आणि तुम्ही ते वर भरता!” आम्ही हसलो, पण ते हसणे मध्येच थांबले. याच दिवसांत बीडकडून ऊसतोडणीची कुटुंबे निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या मागे. संसार बैलगाडीवर नाही तर ट्रॅक्टरवर, राहावयास उसाच्या पाचटाची कोपी, आणि शाळेतून उठलेली मुले बरोबर. त्यांचा मुक्काम सहा महिन्यांचा असतो. हिवाळ्यात चाकांवर राहणे ही त्यांच्या लेखी चैन नव्हे. हे मनात आल्यावर फ्यूज गेल्याची तक्रार पुन्हा आमच्यापैकी कोणी केली नाही.

शुक्रवारी रात्री तीन नातवंडे येऊन मिळाली. त्यांत नानांची आठ वर्षांची नात. शनिवारी वंडरला. कोचीत २००० साली वीगालँड या नावाने ज्यांनी करमणुकीचे उद्यान काढले, त्यांनीच २००५ मध्ये बिडदीजवळ हे उभारले. आत पाळणे, घसरगुंड्या, पाण्याच्या लाटा, आणि माणसे. आपल्याकडील जत्रेत आणि यात फरक एवढाच की येथे रांग असते, आणि दारावर मुलांची उंची मोजतात. आमच्या लहानग्याची उंची दोन बोटे कमी भरली, तेव्हा त्याने जे रडणे काढले, ते पाहून कोणत्याही खंडोबाला दया आली असती. दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला मात्र आली नाही. त्याचे बरोबरच होते.

उलटी गिरकी घेणाऱ्या गाडीपुढे आम्ही उभे होतो. वरून किंकाळ्या येत होत्या. नानांच्या नातीने विचारले, “आजोबा, हिचं इंजिन कुठे आहे?” आणि नाना बोलू लागले. हिला इंजिन नसते, ते म्हणाले. हिला उंच ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढचे सारे नुसते पडणे. घड्याळाला किल्ली देतो ना, तसे. उंचीवर चढविणे म्हणजे किल्ली देणे. किल्ली एकदाच दिली, आता ती उलगडते आहे, म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा ठेंगणा ठेवावा लागतो. वाटेत घर्षण आपला वाटा घेते. “मग उलटी झाली की पडत का नाही?” तर चाके पाहा. रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खालून एक. खालून पकडणारे चाक १९१९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन मिलर नावाच्या माणसाने काढले. त्याच्या आधी गाड्या इतक्या उंच नेण्याची छाती नव्हती. रांगेतली चार परकी मुलेही ऐकावयास थांबली. एका कन्नड मुलाला समजले नाही, तेव्हा नानांनी ते कन्नडात पुन्हा सांगितले. श्रावणापासून त्यांनी सलग दहा वाक्ये उच्चारलेली आम्ही ऐकली नव्हती. आम्ही सहा जण त्या चाकांकडे अतिशय लक्षपूर्वक पाहत राहिलो, कारण एकमेकांकडे पाहण्याची सोय नव्हती.

नंतर उंच मनोऱ्यावरच्या फिरत्या पाळण्यात नाना नातीला घेऊन बसले. खाली उतरल्यावर ती मुलगी आम्हांस म्हणाली, “मी वर दोन्ही हात सोडले. आजोबा म्हणाले, आजी पण सोडायची.”

चार वाजता निघालो, कारण सूर्यास्ताला दत्तजन्म व्हावयाचा होता. आंबराईत पाटावर तसबीर मांडली, सुंठवडा वाटला. तो वहिनींच्याच खलबत्त्यात कुटला होता. शेतकऱ्याच्या घरची मंडळी आली. आमची आरती त्यांना परकी नव्हती, त्यांचे भजन आम्हांस परके नव्हते. पौर्णिमेचा चंद्र ढगांच्या फटीतून मध्येच डोकावत होता. पलीकडे, मागडीच्या बाजूला डोंगरांची काळी रेघ. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर शहाजीराजे आले आणि बंगळूर त्यांच्याकडे आले, तेव्हा केंपेगौडांचे घराणे याच मागडीकडे सरले. शहाजीराजांचे आयुष्य छावण्यांत गेले आणि शेवटही १६६४ मध्ये होदिगेरेला, शिकारीच्या मुक्कामावर झाला. कर्नाटकातल्या आम्हां मराठी माणसांचा पहिला मोठा पूर्वज म्हणून ज्याचे नाव आम्ही घेतो, तोही घरापेक्षा तंबूतच अधिक राहिला.

मुले निजल्यावर चुलीपाशी आम्ही सातच उरलो. विटा चाकाखाली गेल्यामुळे चूल आता दगडांची होती. पाऊण तास झाला, दोन तास झाले. कोणाला उठावयाचे नव्हते, कारण जावयाचे कोठेही नव्हते. बाराच्या सुमारास नाना निखारे सारखे करीत म्हणाले, “पोरगा फेब्रुवारीत म्युनिकला जातोय. घर भाड्याने देणार.” आम्हांपैकी कोणास हे ठाऊक नव्हते. पाऊण तासाच्या चार महिन्यांतल्या भेटींत ही गोष्ट बसली नव्हती. “मला चल म्हणतो. मी नाही म्हणालो. उंब्रजजवळ वडिलांचे घर आहे, बंद आहे, ते उघडतो. हिच्या माहेराहून चार मैल.”

येथेच राहा, आमच्यापैकी कोणाकडेही राहा, असे म्हणावयाचे आमच्या ओठांवर होते. एकाने म्हटलेही. नाना म्हणाले, “तुझ्याकडे? फाटकावर माझे नाव रोज टिपून घेतील.” मग बँकवाले पेन्शनचे खाते तिकडच्या शाखेत कसे न्यावयाचे ते समजावून सांगू लागले, त्यांच्या मायेची रीत तीच आहे. एका वहिनींनी जेवणाचे काय म्हणून विचारले. “येतो आता मला स्वयंपाक,” नाना म्हणाले. “तीन दिवस आमटी कोण करतोय?” हे खरे होते. आमटीला मीठ जास्त होते, हेही खरे होते, आणि ते त्या रात्री प्रथमच कोणी तरी सांगितले. तीन वाजता कोणी तरी पुन्हा चहा ठेवला.

रविवारी जानपद लोकला गेलो. वाटेत रामनगरचे खडक. ‘शोले’चे चित्रीकरण येथे १९७३ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला आला; आपल्या मंडळाच्याच वयाचा. आमच्या मुलांना गब्बर ठाऊक आहे, पण कालिया झालेले विजू खोटे आणि अहमद झालेले सचिन आपले, हे सांगितल्यावर त्यांनी अविश्वासाने पाहिले. तेथील रामदेवर डोंगर २०१२ पासून गिधाडांसाठी राखीव आहे. आम्हांस गिधाड दिसले नाही, घारी पुष्कळ दिसल्या.

जानपद लोक हे एच. एल. नागेगौडा यांनी उभे केले आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडले. खेड्यातले जुने जग तेथे जपून ठेवले आहे : जाती, रवी, नांगर, गाड्या, मुखवटे. पाहता पाहता आम्ही चामड्याच्या बाहुल्यांपाशी आलो. तोगलु गोम्बेयाट म्हणतात त्याला. बकऱ्याचे वा हरणाचे कातडे पारदर्शक होईतो कमावून, रंगवून, पडद्यामागे दिव्यापुढे नाचवितात. रामायण-महाभारत चालते, मध्येच एक काळा विदूषक येऊन वाटेल ते बोलतो. त्याचे नाव किळ्ळेक्यात, आणि त्याच्यावरूनच खेळ करणाऱ्या जमातीला किळ्ळेक्यात म्हणतात, शिळ्ळेक्यातही म्हणतात. गावोगाव हिंडणारी माणसे. बाहुल्यांची पेटी, पोरेबाळे, पाले सारे बरोबर. रात्री गावाबाहेर तळ आणि देवळापुढे खेळ. खेळ झाला की पाऊस येतो, असा गावकऱ्यांचा भाव. खेळ कन्नडात चालतो. पण या जमातीची घरातली बोली मराठीच्या वळणाची आहे. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आपल्याकडून खाली उतरले. कोप्पळ जिल्ह्यातील भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर या शतकाच्या उंबरठ्यावर आलेल्या बाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर अशाच बाहुल्या नाचवितात. तेथील परशुराम गंगावणे यांना ती २०२१ मध्ये मिळाली होती.

हे सांगितल्यावर नानांच्या नातीने विचारले, “त्यांच्याकडे पण मंडळ होतं का?”

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांच्या मंडळाच्या व्यासपीठावर या प्रश्नाचे उत्तर देणे जरा अवघडच आहे. मंडळ नव्हते. वर्गणी नव्हती, गणेशोत्सव नव्हता, स्मरणिका तर नव्हतीच. पाल होते, आणि पालात आई मुलाशी बोलत होती. आम्ही मुलीला एवढेच सांगितले की नव्हते. तिने मान डोलावली आणि त्या काळ्या विदूषकाकडे पुन्हा पाहू लागली. आता ती म्युनिकला आहे. दर रविवारी आजोबांना फोन करते. मराठीत बोलते, जर्मन शब्द मध्ये येऊ लागले आहेत, असे नाना सांगतात.

सोमवारी सकाळी वाटेत थट्टे इडली खाऊन परतलो. बिडदीची ही ताटलीएवढी इडली ज्यांनी खाल्ली नसेल, त्यांनी एवढ्यासाठी तरी तिकडे जावे. बेळ्ळंदूरच्या फाटकावर रखवालदाराने आम्हां सर्वांची नावे टिपून घेतली.

फेब्रुवारीत नाना गेले. घर उघडले, कौले शाकारली, पेन्शनचे खाते बदलून घेतले. बँकवाल्यांचा कागद एकदाही परत आला नाही, याचा त्यांना अभिमान आहे. येत्या पौषात आम्ही सहा जण तशाच दोन गाड्या घेऊन पालला निघत आहोत. तारळीच्या काठी जागा धरण्याचे काम नानांकडे आहे. परवा त्यांचा फोन आला होता. पाण्याची टाकी किती लिटरची, सांडपाणी कोठे सोडावयाचे, हे त्यांनी विचारून घेतले. वहिनींची यादी अजून चालते आहे, तीच वही. फक्त तिच्या खाली नानांनी आपल्या अक्षरात एक वस्तू वाढविली आहे : पाणसळ.